लढाई पाहिलेल्या माजी सैनिकांचे मनाचे आजार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कारगिल, सियाचीन, श्रीलंका, काश्मीर आणि ईशान्येतल्या तैनातीवरून परतलेले जवान आणि त्यांच्या घरचे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे इथे आहेत. पीटीएसडी, नैराश्य आणि चिंता हे तिन्ही आजार उपचाराने हटतात किंवा पुष्कळ कमी होतात. तरीही माणसे दहा-दहा वर्षे अंगावर काढतात, म्हणून हे सविस्तर लिहिले आहे.

पीटीएसडी म्हणजे नेमके काय? लढाईत गेलेल्या प्रत्येकाला तो होतो का?

नाही. बहुतेकांना होत नाही. जीवघेण्या प्रसंगानंतर काही आठवडे झोप उडणे, दचकणे, तोच देखावा डोळ्यांपुढे येणे हे स्वाभाविक असते आणि बऱ्याच जणांचे ते आपोआप ओसरते. हा त्रास महिन्याहून जास्त टिकला आणि त्यामुळे कामधंदा, नाती, झोप बिघडली, तर त्याला पीटीएसडी म्हणतात. प्रसंग संपला हे बुद्धीला कळते, पण शरीराला पटत नाही. मेंदूतला अमिग्डाला नावाचा धोक्याची घंटा वाजवणारा भाग अजून पोस्टवरच उभा असतो. डिझेलचा वास आला की तो शरीराला थेट लढाईच्या तयारीत नेतो.

हा अलीकडचा, शहरी आजार आहे ना? आमच्या आज्याच्या वेळी असले काही नव्हते.

होते, फक्त नाव वेगळे होते. पहिल्या महायुद्धात, 1915 साली, वैद्यकीय नियतकालिकात ‘शेल शॉक’ हा शब्द छापून आला. पीटीएसडी हे नाव अधिकृत यादीत 1980 साली आले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांतून त्या युद्धात घराघरांतून माणसे गेली. परत आलेल्यांपैकी कोण रात्री ओरडत उठे आणि कोण बोलेनासा झाला, याची नोंद कुणी ठेवली नाही. म्हणून ‘पूर्वी नव्हते’ असे वाटते.

घरात हे ओळखायचे कसे?

लक्षणांचे चार गट आहेत. पहिल्यात प्रसंग परत घडतो: वाईट स्वप्ने, जागेपणी अचानक तेच दृश्य, काही क्षण आपण तिथेच आहोत असा भास. दुसरा गट टाळण्याचा. युनिटच्या मेळाव्याला न जाणे, बातम्या बंद करणे, यात्रा-लग्ने चुकवणे. तिसऱ्यात मनाचा रंग बदलतो: कशात जीव न रमणे, मुलांबद्दलही माया आटल्यासारखी वाटणे, अपराधीपणा, ‘कुणावर विश्वास नाही’. चौथा सततच्या पहाऱ्याचा. हॉटेलात भिंतीला पाठ लावून दाराकडे तोंड करून बसणे, रात्री तीनदा कडी तपासणे, क्षुल्लक कारणावरून राग अनावर होणे, विहिरीच्या सुरुंगाचा आवाज आला की जमिनीवर आडवे होणे.

टाळण्याचा गट घरच्यांच्या लक्षात येत नाही, कारण तो शांतपणासारखा दिसतो. ‘हे हल्ली कुठे जात नाहीत, घरीच असतात’ असे कौतुकाने सांगितले जाते. दारू आणि राग यापेक्षाही या वाक्याकडे जास्त लक्ष द्या.

अनेकांना मनाचे काही जाणवतच नाही. छातीत धडधड, पित्त, पाठदुखी, डोके जड होणे या तक्रारी घेऊन ते वर्षानुवर्षे फिरतात आणि ईसीजी दरवेळी नॉर्मल येतो.

नैराश्य आणि चिंता यांत वेगळे काय?

नैराश्यात निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज, उदासी किंवा कशातच रस न वाटणे असते आणि जोडीला झोप, भूक, ताकद, लक्ष यांत बिघाड. चिंतेत मन पुढच्या संकटांची यादी करत राहते: कर्ज, मुलीचे लग्न, बांधाची केस. पीटीएसडीचे मूळ घडून गेलेल्या प्रसंगात असते. पण पीटीएसडी असलेल्या माणसात नैराश्य बहुधा बरोबरच सापडते, म्हणून डॉक्टरांना तिन्हींबद्दल सांगा.

नोकरीत असताना ठणठणीत होते. पेन्शनवर आल्यावर दोन वर्षांनी का सुरू झाले?

शिपाई पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. पलटणीत पहाटेच्या पीटीपासून रात्रीच्या रोलकॉलपर्यंत दिवस आखलेला असतो. सोबत असे लोक असतात ज्यांना काही समजावून सांगावे लागत नाही, आणि जागरूक राहणे हा तिथे गुण असतो. गावात हे तिन्ही एकदम जाते. रिकामा वेळ आठवणींना मिळतो आणि तोच जागरूकपणा घरात संशय ठरतो. त्यात बहुतेकांना काम मिळते ते एटीएम किंवा कारखान्यावरच्या रात्रपाळीच्या पहाऱ्याचे. झोप आधीच मोडलेली, तिचा उरलासुरला कणाही जातो. नोकरी निवडता येत असेल तर दिवसपाळी घ्या, पगार थोडा कमी असला तरी.

1971 च्या लढाईतल्या, आता सत्तरी-ऐंशीतल्या आजोबांनाही पहिल्यांदा आत्ता त्रास होऊ शकतो. काम थांबणे, जोडीदार जाणे, स्मृती कमजोर होणे, यांमुळे इतकी वर्षे दाबून ठेवलेले वर येते.

स्फोटात डोक्याला मार बसला होता. त्याचा संबंध असतो का?

असू शकतो. आयईडी म्हणजे पेरून ठेवलेला बॉम्ब किंवा सुरुंगाच्या दणक्याने मेंदूला झालेली इजा बाहेरून दिसत नाही. विसरणे, चिडचिड, डोकेदुखी, झोप न लागणे ही लक्षणे या इजेत आणि पीटीएसडीत, दोन्हींत येतात. त्या वेळी शुद्ध हरपली होती का, किती वेळ, नंतर कानात शिट्टी वाजत राहिली का, हे आधी लिहून घेऊन डॉक्टरांकडे जा. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला ‘हा लक्ष देत नाही’ असे समजले जाते. श्रवणाची तपासणीही करून घ्या.

सासूबाई म्हणतात बाहेरचे आहे, देवऋषाकडे न्या. काय करावे?

अंगारा लावल्याने, देवाला नारळ फोडल्याने नुकसान नाही. मन शांत होत असेल तर जरूर करा. नुकसान होते ते उपचार लांबवल्याने, गोळ्या बंद करायला लावल्याने आणि मारहाण, धुरी, उपास असले प्रकार केल्याने. सासूबाईंशी वाद घालू नका. ‘देवाचेही करू आणि दवाखान्याचेही’ एवढे पुरते.

पहिल्यांदा जायचे कुठे?

ईसीएचएसचे, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे सदस्य असाल तर जवळच्या पॉलिक्लिनिकमध्ये. कार्ड, डिस्चार्ज बुक आणि जुनी वैद्यकीय कागदपत्रे न्या. मेडिकल ऑफिसरला ‘झोप येत नाही’ एवढेच सांगितले तर झोपेची गोळी घेऊन परत याल. नेमके सांगा: ‘अमक्या भागात ड्युटी होती, अमका प्रसंग झाला, तेव्हापासून स्वप्ने पडतात, मानसोपचार तज्ज्ञांकडे रेफरल हवा.’ रेफरल सैनिकी रुग्णालयाचा किंवा पॅनेलवरच्या खासगी रुग्णालयाचा मिळतो. पुण्यात कमांड हॉस्पिटल आणि मुंबईत आयएनएचएस अश्विनी आहे. तातडीच्या वेळी पॅनेलबाहेरच्या रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर 48 तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा. नाहीतर बिल अडकते.

कार्ड नसेल, किंवा कॅम्पातल्या ओळखीच्यांसमोर जायचे नसेल, तर जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागात जा. फोनवर बोलायचे असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या एएफएमसीत (सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात) सैन्यदल आणि त्यांच्या कुटुंबांसाठी टेली-मानसचा खास कक्षही सुरू झाला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय कागदपत्रांसाठी आणि मदत योजनांसाठी उपयोगी पडते. उपचार मात्र तिथे मिळत नाहीत.

डॉक्टर काय विचारतात? सगळे सांगावेच लागते का?

पहिल्या भेटीत प्रसंगाचा तपशील सांगायची सक्ती नसते. बहुतेक ठिकाणी छोट्या प्रश्नावल्या भरून घेतात. नैराश्यासाठी नऊ प्रश्नांची आहे. तिचे गुण 0 ते 27 आणि 10 किंवा त्याहून जास्त आले की नीट तपासणी लागते. पीटीएसडीसाठी वीस प्रश्नांची आहे. तिचे गुण 0 ते 80 आणि साधारण 31 ते 33 च्या वर संशय घेतात. हा आकडा जपून ठेवा. महिन्याने पुन्हा भरली की उपचार लागू पडतोय का ते आकड्यातच दिसते. थायरॉइड, साखर, रक्तदाब, व्हिटॅमिन बी-12 यांची तपासणी सांगितली तर टाळू नका.

फौजी सवयीने माणूस ‘सब ठीक है, साब’ म्हणून मोकळा होतो. म्हणून पहिल्या भेटीला बायको किंवा भाऊ बरोबर असावा.

बोलून हा आजार कसा बरा होईल? उपचारात नेमके करतात काय?

नुसत्या गप्पांनी बरा होत नाही. पुरावा सर्वांत भक्कम आहे तो प्रसंगाला सामोरे नेणाऱ्या, ठरावीक पद्धतीच्या उपचारांचा. त्यातल्या एका पद्धतीत साधारण 8 ते 15 बैठका होतात, प्रत्येक 60 ते 90 मिनिटांची. तिची दोन अंगे असतात.

एक, आठवण. डोळे मिटून तो प्रसंग ‘मी चढतोय, डावीकडे खडक आहे’ असा वर्तमानकाळात सांगायचा, पुन्हा पुन्हा, अर्धा-पाऊण तास. त्याचे रेकॉर्डिंग घरी रोज ऐकायचे. पहिल्या दोन-तीन वेळा त्रास वाढतो आणि इथेच बरेच जण उपचार सोडतात. साधारण चौथ्या-पाचव्या बैठकीपासून तीच गोष्ट सांगताना धार बोथट व्हायला लागते. आठवण पुसली जात नाही. ती भूतकाळात जाऊन बसते.

दोन, टाळलेल्या जागा. एक वही घ्या आणि टाळत असलेल्या गोष्टींना 0 ते 100 मध्ये भीतीचे गुण द्या. उदाहरणार्थ: चहाच्या टपरीवर रस्त्याकडे पाठ करून बसणे 35, भरल्या एसटीत मधल्या सीटवर बसणे 50, आठवडी बाजारात मध्यभागी अर्धा तास उभे राहणे 65, ताशाच्या मिरवणुकीशेजारून चालणे 80, दिवाळीत गच्चीवर बसणे 95. सुरुवात 35-40 पासून. तिथे भीती निम्म्यावर येईपर्यंत थांबायचे, साधारण 30 ते 45 मिनिटे. तेच रोज, ती पायरी सोपी होईपर्यंत, आणि मग पुढची.

चुकते कुठे? भीती शिगेला पोचली असताना माणूस निघून येतो. मेंदू शिकतो की ‘पळालो म्हणून वाचलो’, आणि पुढच्या वेळी भीती वाढते. दुसरी चूक म्हणजे एकदम 95 वर उडी, घरच्यांनी बळेच फटाक्यांच्या जागी नेणे. तिसरी, जाण्याआधी एक पेग मारून जाणे. मग शिकणे होतच नाही. खिशातली झोपेची गोळीही तेच करते.

डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी ईएमडीआर ही पद्धतही मान्यताप्राप्त आहे. ज्याला प्रसंग तपशिलात सांगवत नाही, त्याला ती सोपी जाते. डॉक्टर किंवा समुपदेशकाला सरळ विचारा, ‘तुम्ही यांपैकी कोणती पद्धत शिकला आहात?’ हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही.

‘मी पुढे गेलो असतो तर तो वाचला असता.’ हा सल कसा जाणार?

हा भीतीचा आजार नाही, सलाचा आहे, आणि त्याला वेगळे काम लागते. साथीदार गेला आणि आपण राहिलो, गोळी झाडावी लागली, झाडायला उशीर झाला, जखमीला खाली आणता आले नाही. बारा बैठकांच्या एका उपचारपद्धतीत त्या क्षणाचा निवाडा पुन्हा केला जातो. त्या क्षणी तुम्हाला काय माहीत होते? किती सेकंद होते? हुकूम काय होता? समोर दुसरा कोणता मार्ग खरोखर मोकळा होता? नंतर कळलेली माहिती माणूस नकळत त्या क्षणात घुसवतो आणि स्वतःला दोषी ठरवतो. कधी चूक खरोखर झालेलीही असते. तेव्हा ‘तुझी चूक नव्हती’ असे कुणी म्हटलेले उलट जखमेवर मीठ होते. अशा वेळी जबाबदारीचा आपला वाटा मान्य करून काही भरपाईचे करावे: त्या साथीदाराच्या घरी जाऊन येणे, त्याच्या मुलांच्या शिक्षणाकडे पाहणे. अनेक जण त्या घराचा उंबरा वीस वर्षे टाळतात. तो उंबरा वहीतल्या यादीत लिहा.

गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात का? सवय लागते का?

सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटीन, व्हेन्लाफॅक्सिन या औषधांची दारूसारखी सवय लागत नाही. सर्ट्रालीन बहुधा 25 किंवा 50 मिलिग्रॅमने सुरू करतात आणि गरजेप्रमाणे 200 पर्यंत वाढवतात. पहिले दहा-पंधरा दिवस मळमळ, थोडी बेचैनी. गुण दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. ‘आठ दिवस घेतल्या, काही फरक नाही’ म्हणून सोडणे ही सर्वांत मोठी चूक. बरे वाटल्यावरही साधारण वर्षभर चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. एकदम बंद केल्यास चक्कर येते, डोक्यात झिणझिण्या येतात.

पुरुष सांगत नाहीत असा एक दुष्परिणाम आहे: लैंगिक इच्छा आणि क्षमता कमी होणे. अनेक जण याच कारणाने गुपचूप गोळी सोडतात. डॉक्टरांना सांगा. मात्रा किंवा औषध बदलता येते.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गोळ्या पीटीएसडीवरचा इलाज नाहीत. त्यांची सवय लागते आणि दारूबरोबर घेतल्यास श्वास मंदावतो. अनेक महिने घेत असाल तर एकदम थांबवू नका, झटके येऊ शकतात. डॉक्टर टप्प्याटप्प्याने कमी करतील. वाईट स्वप्नांसाठी प्राझोसिन देतात. ते काहींना लागू पडते, काहींना नाही. पहिल्या डोसाला रक्तदाब घसरतो, म्हणून घेऊन लगेच आडवे व्हा आणि रात्री उठताना आधी पलंगावर मिनिटभर बसा.

रोज तेच स्वप्न. काही घरगुती उपाय?

आहे, आणि चांगला आहे. दिवसा, उजेडात, ते स्वप्न कागदावर लिहा. मग त्याचा शेवट किंवा मधला भाग हवा तसा बदलून लिहा. हेलिकॉप्टर वेळेवर येते, धुके विरते, काहीही चालेल. हे नवे स्वप्न रोज 10 ते 20 मिनिटे डोळ्यांपुढे आणायचे. काही आठवड्यांत स्वप्नांची संख्या आणि जोर उतरतो. सुरुवात सर्वांत भयंकर स्वप्नापासून करू नका.

झोपेसाठी उठायची वेळ पक्की ठेवा, झोपायची नव्हे. दुपारी दोननंतर चहा नको. वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसा. कडी एकदाच तपासा आणि तपासल्याचे मोठ्याने म्हणा.

दारू सोडवायची आहे. कॅन्टीनचा कोटा घरी येतो.

रमने झोप लागते, पण रात्रीच्या उत्तरार्धात तीच झोप मोडते आणि स्वप्ने वाढतात. ज्याच्यासाठी पितो तेच ती वाढवते. पण रोज भरपूर पिणाऱ्याने घरी एकदम बंद करणे धोक्याचे आहे. सहा तासांपासून हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, ताप, बडबड सुरू झाली तर जीवावर बेतते. हे रुग्णालयातच करावे, थायमिन म्हणजे व्हिटॅमिन बी-1 सह. आणि ‘आधी दारू सोड, मग बाकीचे बघू’ असे कुणी म्हटले तर ऐकू नका. दोन्ही उपचार बरोबर चालतात. कोट्यातले किराणा सामान आणा, बाटली आणू नका.

अचानक भास होतो, नजर शून्यात जाते. त्या क्षणी काय करायचे?

मागून हात लावू नका. समोरून, दोन पावले लांबून, नाव घेऊन बोला: ‘दादा, मी सुनीता. आपण कराडला घरी आहोत. आज सोमवार.’ दिवे लावा. पाय जमिनीवर टेकवायला, थंड पाण्याचा तांब्या हातात धरायला, दिसणाऱ्या पाच वस्तू मोजून सांगायला लावा. श्वास घेताना चार आणि सोडताना सहा आकडे मोजा. झोपेत ओरडत असेल तर पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून आवाजाने उठवा. छातीवर हात ठेवून उठवायला गेलेल्या बायकांना फटका बसलेला असतो, आणि मग त्याच गोष्टीची लाज नवऱ्याला खात राहते.

दिवाळीत गल्लीतल्या पोरांना आधी सांगून ठेवा की सुतळी बॉम्ब घरासमोर लावू नका, लावायचा असेल तर हाक मारा. आधी कळलेला आवाज निम्मा त्रास देतो.

राग आला की मारतो. आजार आहे म्हणून सहन करायचे का?

नाही. आजार हे मारण्याचे कारण सांगता येईल, परवाना नव्हे. आधी स्वतःची आणि मुलांची सुरक्षा: शेजारी किंवा माहेर, महिला मदत क्रमांक 181, तातडीला 112. राग चढताना दोघांनी आधीच ठरवलेला शब्द वापरून अर्ध्या तासासाठी वेगळे होण्याची पद्धत उपचारात शिकवतात. ती शांत वेळी ठरवावी लागते.

‘जगून उपयोग नाही’ म्हणतात. विचारले तर डोक्यात कल्पना भरेल का?

भरत नाही. सरळ विचारा: ‘जीव द्यायचा विचार येतोय का?’ बहुतेकांना विचारल्याने हलके वाटते. उत्तर हो असेल तर त्यांना एकटे सोडू नका. परवान्याची बंदूक, शेतीची औषधे आणि साठवलेल्या गोळ्या त्याच दिवशी घराबाहेर, दुसऱ्याच्या कुलपात. सर्वांत टोकाचा आवेग अनेकदा थोड्याच वेळाचा असतो, आणि त्या वेळात साधन हाताशी नसले की माणूस वाचतो. 14416 ला फोन करा, किंवा थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्या. पोलीस केसच्या भीतीने थांबू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असेच धरले जाते.

उपचार घेतला तर पेन्शन जाईल का? गावात कळेल का?

मिळत असलेली सेवा पेन्शन मानसोपचार घेतल्याने थांबत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्कही दिला आहे. डीएससीत (संरक्षण सुरक्षा दलात) पुन्हा भरती व्हायचे असेल तर वैद्यकीय तपासणी असते आणि सैन्याच्या ‘शेप’ या वैद्यकीय श्रेणीतला ‘एस’ म्हणजे मनाचीच श्रेणी, हे खरे आहे. शस्त्रपरवान्यावरही परिणाम होऊ शकतो. पण न घेतलेल्या उपचारामुळे आधी नोकरी आणि मग घर गेलेली माणसे त्याहून कितीतरी जास्त आहेत.

अपंगत्व पेन्शन मिळू शकते का?

आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेने बळावला असे ठरावे लागते, आणि मुदत पूर्ण करून आलेल्याचे अपंगत्व निदान 20 टक्के असावे लागते. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेत झाला असे गृहीत धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये धर्मवीर सिंग प्रकरणात म्हटले. 21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियम लागू आहेत, म्हणून तुमच्या निवृत्तीची तारीख कोणत्या नियमांत बसते ते आधी पाहा. रिलीज मेडिकल बोर्डाची, म्हणजे सेवा सोडतानाच्या वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत आपल्या रेकॉर्ड ऑफिसातून मागवा: मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला, महारचे सागरला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला. दावा फेटाळला तर अपील करता येते आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ आहे. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत असते. सगळ्यांत जास्त दावे अडतात ते कागदाअभावी: एमआय रूमच्या (पलटणीतल्या दवाखान्याच्या) चिठ्ठ्या, दाखल असल्याची नोंद, त्या वेळच्या साथीदारांची प्रतिज्ञापत्रे. घरातली जुनी ट्रंक आवरताना काही फेकू नका.

बरे झाल्यावर दोन वर्षांनी पुन्हा स्वप्ने पडू लागली. सगळे वाया गेले का?

नाही. सीमेवरची बातमी, साथीदाराची पुण्यतिथी, आई-वडिलांचे जाणे, मुलगा भरती होणे, अशा वेळी लक्षणे डोके वर काढतात. दोन आठवडे पाहा, या काळात नवीन काही टाळू नका. जुनी वही काढून मधल्या पायऱ्या पुन्हा करा. तरी उतरले नाही तर त्याच डॉक्टरांकडे दोन-तीन उजळणीच्या बैठका मागा. पहिल्या वेळेइतका काळ सहसा लागत नाही.